अंडी नाहीत, राणी दिसत नाही: एका पेटीचं उन्हाळी प्रकरण

प्रकरण एका मित्राच्या पेटीचं आहे. हौशी मधपाळ, मेलिफेरा या पाळीव युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या, तिसरा हंगाम. ऐन फुलोऱ्यात आधी पाऊस लागला, मग नोकरीची धावपळ, आणि त्यात पहिली पेटी तीनेक आठवडे उघडायची राहून गेली. उघडली तेव्हा पोळ्याच्या दहा चौकटींत एक अंडं नाही, एक उघडी अळी नाही, आणि ओळखीसाठी निळा ठिपका दिलेली राणी तर कुठेच नाही. त्याने सगळ्या चौकटी दोनदा चाळल्या, माश्या चिडल्या, दोन-चार डंख बसले, पेटी बंद केली आणि मला फोन केला. "राणी गेली रे. नवीन मागवलीय, परवा येईल."

अंडी आणि अळ्या नसणं ही त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. राणी गेली हा त्यावरून काढलेला अंदाज होता, आणि राणीची मागणी त्या अंदाजावर नोंदवली गेली होती. उन्हाळ्यात हौशी मधपाळाचे पैसे आणि मागवलेल्या राण्या सगळ्यात जास्त याच ठिकाणी वाया जातात, असं माझं मत आहे. पेटीत नुकती जन्मलेली, अजून अंडी न घालणारी राणी असेल, तर बाहेरून आणलेली राणी आत सोडली की ती मारली जाण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे "कोणती राणी, कधी घालायची" हा प्रश्न नंतरचा. आधी पेटी आपल्याला काय सांगतेय ते वाचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेटी पुन्हा उघडली. सकाळ मुद्दाम निवडली. कोवळी राणी मिलनासाठी बाहेर पडते ती साधारण दुपारी, ऊन असताना, वारा पडलेला असताना. त्या वेळी झाकण काढून चौकटी इकडेतिकडे केल्या, तर परतणारी राणी गोंधळून दुसऱ्याच पेटीत शिरू शकते. धूर थोडाच दिला. डंख मारताना माशी जो धोक्याचा गंध सोडते तो पिकल्या केळ्यासारखा येतो, आणि आदल्या दिवशीच्या झटापटीनंतर तो पेटीच्या कडांना अजून रेंगाळत होता. धुरामुळे हा गंध झाकला जातो, पण धूर अति झाला की माश्या चौकटींवरून धावत सुटतात आणि मग काहीच धड दिसत नाही.

आतमध्ये काय होतं

माश्या सहा चौकटी भरतील इतक्या होत्या. मित्राच्या नोंदीत आधीच्या तपासणीला नऊ चौकटी लिहिल्या होत्या, म्हणजे बरीच घट. मधकोठीत, म्हणजे वरच्या मध साठवायच्या मजल्यात, नवा मध आलेला. पिलाव्याच्या, म्हणजे पिल्लं वाढतात त्या भागाच्या, मधल्या चौकटींवर झाकण लावलेली बंद घरं विरळ, इकडे दोन, तिकडे चार. नरांचा बंद पिलावा खालच्या कडेला थोडा. आणि चौकटींच्या खालच्या काठांवर राणीघरांचे, म्हणजे नवी राणी वाढवायला बांधलेल्या खास घरांचे, अवशेष.

हे अवशेष मित्राने पाहिले होते, पण "जुनी राणीघरं" म्हणून सोडून दिले होते. तिथेच तर गोष्ट लिहिलेली होती. एका राणीघराचं टोक गोल कापलेलं, झाकणासारखं एका बाजूने लोंबणारं. राणी आतून चावत बाहेर येते तेव्हा टोक असं उघडतं. बाकीची राणीघरं कुशीतून फोडलेली होती, भिंतीला वेडंवाकडं भोक. असं भोक बाहेरून पडतं: आधी जन्मलेली राणी आणि कामकरी माश्या मिळून उरलेल्या बहिणींचा निकाल लावतात तेव्हा. एक उघडलेलं आणि बाकी फोडलेली, म्हणजे या पेटीत किमान एक राणी जिवंत बाहेर आली होती आणि मागच्यांना संपवण्याइतकी ठणठणीत होती.

मग मी एक बंद घर चिमट्याने उघडलं. अनेकांना हे क्रूर वाटतं, पण एका पिल्लाच्या बदल्यात अख्ख्या वसाहतीची तारीख कळते. कोष पांढरा आणि डोळे गुलाबी-जांभळे असतील, तर पिल्लू अजून अर्ध्या वाटेवर आहे. आमच्या चिमट्यात आलं ते अंगाने करडं झालेलं, पाय हलवणारं, आज-उद्या बाहेर येणारं. आणखी दोन घरं उघडली, तीही तशीच.

आता हिशेब. कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांत बाहेर पडते: तीन दिवस अंडं, सुमारे सहा दिवस उघडी अळी, उरलेले दिवस बंद घरात. उघडी अळी एकही नाही, म्हणजे शेवटचं अंडं घालून किमान नऊ दिवस उलटलेत. बंद पिलावा अजून आहे, म्हणजे 21 झालेले नाहीत. आणि उरलेली पिल्लं जवळजवळ तयार आहेत, म्हणजे आपण 21 च्या टोकाला आहोत, 19-20 च्या आसपास.

राणीचं वेळापत्रक वेगळं. ती 16 दिवसांत तयार होते आणि तिचं घर आठव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं. वसाहत फुटते, म्हणजे माश्यांचा एक थवा नवं घर करायला बाहेर पडतो, तेव्हा जुनी राणी त्या थव्याबरोबर साधारण पहिलं राणीघर बंद व्हायच्या सुमारास निघते, आणि निघण्याआधी काही दिवस तिचं अंडी घालणं कमी झालेलं असतं, कारण उडता यावं म्हणून कामकरी माश्या तिचा खुराक तोडतात. म्हणजे निळ्या ठिपक्याची राणी गेली ती अडीच आठवड्यांपूर्वी, अर्ध्याअधिक माश्या घेऊन. मित्र कामावर असताना थवा उठला आणि कुणाला कळलंही नाही. त्यानंतर आठेक दिवसांनी नवी राणी जन्मली. जन्मल्यावर मिलनासाठी पक्व व्हायला तिला पाच-सहा दिवस लागतात, मग उडायला चांगली हवा लागते, आणि मिलनानंतर अंडी सुरू व्हायला आणखी दोन-तीन दिवस.

हे सगळं बेरजेला घेतलं तर आज अंडी दिसायलाच नको होती. मधल्या पावसाचे दिवस धरले तर आणखी आठवडाभर न दिसणंही स्वाभाविक होतं.

"पण मग ती दिसली का नाही?" मित्राने विचारलं.

कारण मिलन न झालेली राणी राणीसारखी दिसतच नाही. पोट आखूड, चाल वेगवान, भोवती सेवेकऱ्यांचं कडं नाही. उजेड पडला की ती चौकटीच्या उलट बाजूला पळते, कधी तळाशी माश्यांच्या गठ्ठ्यात शिरते. कधी आपण पेटी उघडतो तेव्हा ती बाहेर उडायलाच गेलेली असते. तिला शोधत बसणं म्हणजे गर्दीच्या फलाटावर न पाहिलेल्या पाहुण्याला शोधणं. मी अशा पेटीत राणी शोधतच नाही, पिलाव्याच्या जागेकडे बघतो. इथे मधल्या दोन चौकटींवर तळहाताएवढा भाग रिकामा होता, पण नुसता रिकामा नव्हता. घरं आतून घासूनपुसून चकचकीत केलेली होती, भोवती परागाची कड आणि वर मध. सूर्य पाठीमागे घेऊन चौकट तिरपी धरली की ही लकाकी स्पष्ट दिसते. अंडी घालायला जागा तयार ठेवणाऱ्या माश्यांना बहुधा राणीची चाहूल असते. बहुधा, खात्रीने नव्हे. पायांवर पराग घेऊन येणाऱ्या माश्या पाहून "राणी आहे" म्हणणारेही असतात, त्यावर मात्र माझा अजिबात भरवसा नाही. राणी नसलेल्या पेटीतही पराग येत राहतो.

अंड्यांची चौकट

खात्रीसाठी जुना आणि स्वस्त उपाय आहे, फक्त दुसरी वसाहत हवी. हौशी माणसानेही एकाऐवजी दोन पेट्या ठेवाव्यात असं मी सांगतो ते बरंचसं याच कारणासाठी.

दुसऱ्या पेटीतून अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक चौकट घेतली. आधी त्या पेटीची राणी नजरेखाली घातली, ती तिसऱ्याच चौकटीवर होती, मगच हवी ती चौकट उचलली. तरीही सगळ्या माश्या झटकून आणि मऊ ब्रशने काढून टाकल्या. चौकटीच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख घातली आणि ती पहिल्या पेटीच्या पिलाव्यात मधोमध बसवली.

पेटीत राणी नसेल तर माश्यांना या कोवळ्या अळ्या म्हणजे सुटकेचा मार्ग दिसतो. दोन-तीन दिवसांत काही घरांची तोंडं रुंदावून खाली वळवलेली, तळाशी रॉयल जेलीचा (अळ्यांना भरवायच्या खुराकाचा) पांढरा थर, अशी संकटकालीन राणीघरं दिसू लागतात. राणी असेल, मग ती अंडी न घालणारी का असेना, तर अळ्या नेहमीसारख्या वाढवून बंद केल्या जातात. या परीक्षेत तोटा कुठल्याच बाजूने नाही. राणी नसलीच तर वसाहतीला नवी राणी घडवायचं साहित्य आयतं मिळालेलं असतं. शिवाय उघड्या पिलाव्याच्या गंधामुळे कामकरी माश्यांचे अंडाशय दबलेले राहतात. राणीही नाही आणि उघडा पिलावाही नाही अशी अवस्था काही आठवडे टिकली, की कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. ती अफलित, त्यातून फक्त नर निघतात, आणि अशी वसाहत परत मार्गावर आणणं फार किचकट. ही चौकट तोवर वेळ मिळवून देते.

चौथ्या दिवशी पाहिलं. अळ्या दुधाळ जेलीत पोहत होत्या, टवटवीत, आणि राणीघर एकही नाही. पेटीत राणी होती.

मागवलेल्या राणीचं काय

ती मात्र परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच, ठरल्या दिवशी, छोट्या पिंजऱ्यात पाच-सहा सेविकांसह हजर झाली. पिंजऱ्यातली राणी फार दिवस ठेवता येत नाही. मित्राचं म्हणणं: "आणलीय तर घालून टाकू, जी जिंकेल ती आपली." हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. यात जिंकणारी बहुतेक वेळा घरचीच असते, कारण ती चपळ आहे आणि माश्या तिच्या गंधाला सरावल्यात. आणि झटापटीत ती जखमी झाली, तर दोन्ही राण्या गमावून बसायची वेळ.

म्हणून पाहुणीसाठी वेगळं घर केलं. पाच चौकटींची न्यूक्लियस पेटी, म्हणजे छोटी नवी वसाहत उभी करायची पेटी. त्यात दुसऱ्या वसाहतीतल्या बंद पिलाव्याच्या दोन चौकटी माश्यांसकट, एक मध-परागाची, दोन बांधलेल्या पोळ्याच्या रिकाम्या. पुन्हा आधी राणी शोधून ती मूळ पेटीतच राहील याची खातरजमा. मग आणखी दोन चौकटींवरच्या माश्या आत झटकल्या. या जास्तीच्या झटकलेल्या माश्या महत्त्वाच्या. चरायला जाणाऱ्या प्रौढ माश्या संध्याकाळपर्यंत आपल्या मूळ पेटीत परततात, नव्या पेटीत टिकतात त्या पिल्लं सांभाळणाऱ्या कोवळ्या दाया. त्या पुरेशा नसतील तर पिलावा गारठतो. त्याला 34-35 अंश तापमान सतत लागतं, आणि उन्हाळ्यातल्या रात्रीही तितक्या उबदार नसतात. दार एका माशीपुरतं केलं. फुलोरा ओसरत असताना छोटी वसाहत म्हणजे लुटारूंना आमंत्रण.

सेविका काढायचं काम बंद खोलीत खिडकीजवळ केलं. पिंजऱ्याचं झाकण सरकवताना राणी उडाली तरी उजेडाकडे, काचेवर जाऊन बसते आणि हातात येते. उघड्यावर उडाली की विषय संपला. सेविका का काढायच्या? नव्या घरातल्या माश्या पिंजऱ्यातल्या परक्या कामकऱ्यांवर चिडतात आणि तो राग राणीपर्यंत पोचतो. न्यूक्लियस काही तास राणीविना राहू दिल्यावर पिंजरा दोन पिलाव्याच्या चौकटींमध्ये अडकवला, साखरेच्या गोळ्याने बंद केलेलं तोंड किंचित वर ठेवून. माश्या ती साखर खाऊन संपवतात तेव्हा राणी मोकळी होते.

थोड्या वेळाने झाकण उचलून मी मित्राला पिंजऱ्याच्या जाळीवर बसलेल्या माश्या बोटाने बाजूला करायला सांगितलं. त्या सहज सरकल्या, जाळीतून सोंड घालून राणीला भरवत होत्या. जाळीला घट्ट चिकटून, पोट वाकवून चावणाऱ्या माश्या दिसल्या असत्या, तर साखरेचं तोंड चिकटपट्टीने बंद ठेवून आणखी थांबलो असतो. नंतर राणी मोकळी झाल्यावर एकदा चौकटी पाहून माश्यांनी स्वतःच सुरू केलेली दोन राणीघरं मोडली. त्यानंतर आठवडाभर त्या पेटीला हात लावायचा नाही, असं मित्राला बजावलं.

दोन-दोन अंडी

पहिली पेटीही आम्ही तशीच सोडली. राणी बाहेर जात-येत असेल त्या काळात दर दोन दिवसांनी झाकण उघडून बघणं हाच सगळ्यात मोठा अडथळा. हवा उघडली होती, दुपारी नर भिरभिरत होते, आणि आणखी काही हवं नव्हतं. राणी हवेत दहा-वीस नरांशी संग करते आणि त्या काही उड्डाणांतले शुक्राणू आयुष्यभर पुरवते. फ्रान्स्वा ह्यूबर या अंध निरीक्षकाने 1792 मध्ये छापलेल्या निरीक्षणांतच राणीचं मिलन पेटीबाहेर होतं हे मांडलं होतं. तरीही सारखी पेटी उघडून राणीला आतच बसवून ठेवणारे आपण आजही आहोत.

पुढच्या तपासणीत अंडी होती. आणि त्याबरोबर मित्राचा दुसरा फोन. "घात झाला. एकेका घरात दोन-दोन अंडी आहेत, कुठे तीनसुद्धा. कामकऱ्यांनीच घालायला सुरुवात केली."

भीती रास्त होती, कारण एका घरात अनेक अंडी हे कामकऱ्यांच्या अंडी घालण्याचं ठळक लक्षण आहे. पण ताजी राणी पहिल्या काही दिवसांत असा गोंधळ घालते. फरक अंड्याच्या जागेत दिसतो. राणीचं पोट लांब असतं, तिचं अंडं घराच्या तळाशी मधोमध चिकटलेलं असतं. कामकरीचं पोट तळापर्यंत पोचत नाही, तिची अंडी भिंतींना, वर-खाली, कशीही. इथे सगळी अंडी तळाला होती आणि एकत्र सलग पट्ट्यात, नव्या राणीने मधून सुरू करून बाहेरच्या अंगाला सरकत जावं तशी. अंड्यांच्या ढबीवरून मी फार बोलत नाही, पण बरीचशी उभी होती, म्हणजे अगदी ताजी.

पक्का निकाल झाकणांवरून लागतो. कामकरी पिल्लाचं झाकण जवळजवळ सपाट असतं, नराचं घुमटासारखं उंच. पावसामुळे राणीचं मिलन नीट झालं नसतं आणि तीन-चार आठवड्यांनी ती तशीच अंडी घालायला लागली असती, तर कामकऱ्यांच्या घरांतही घुमट उठले असते. नऊ-दहा दिवस थांबावं लागलं. झाकणं सपाट आली, पट्टा भरलेला, मधे तुरळक रिकामी घरं. दुहेरी अंडी तोवर गायब झाली होती. माश्या जास्तीची अंडी काढून टाकतात.

या वेळी राणीही दिसली. सावळी, लांब पोटाची, संथ, भोवती सेविकांचं कडं. बिनठिपक्याची, म्हणजे ही निळ्या ठिपक्याच्या राणीची मुलगीच. मित्राने तिला पिस्टन पिंजऱ्यात धरून यंदाच्या रंगाचा ठिपका दिला. ठिपक्याचे रंग जगभर ठरलेले आहेत: वर्षाचा शेवटचा आकडा 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2 किंवा 7 ला पिवळा, 3 किंवा 8 ला लाल, 4 किंवा 9 ला हिरवा, 5 किंवा 0 ला निळा. रंग सुकेपर्यंत पिंजऱ्यातच ठेवायचं हे तो विसरायला निघाला होता.

मधे एक संधी होती तिचाही उल्लेख करतो. पिलावा नसण्याच्या दिवसांत व्हरोआ माइटला (माश्यांवर जगणाऱ्या परजीवी किडीला) बंद घरात लपायला जागा नसते, सगळे माश्यांच्या अंगावर येतात. ऑक्झॅलिक आम्लाचा उपचार अशाच वेळी सगळ्यात परिणामकारक होतो, कारण ते बंद झाकणातून आत जात नाही. पण मधकोठी वर असताना आम्ही ते वापरलं नाही. सुमारे 300 माश्या पिठीसाखरेत घोळवून माइट मोजले, उपचाराची घाई करण्याइतके नव्हते. मोजणी जास्त आली असती तर आधी मध काढला असता.

न्यूक्लियसमधल्या राणीने दोन चौकटी अंडी घातली आहेत. मित्र आता ती पेटी विकायच्या विचारात आहे. मी म्हणालो, हंगाम संपेपर्यंत राहू दे. दुसऱ्या पेटीची राणी तिसऱ्या वर्षात आहे, तिच्या पिलाव्यात रिकामी घरं वाढताना दिसताहेत, आणि तिच्या चौकटींच्या खालच्या काठावर मला त्या दिवशी दोन राणी-वाट्या, म्हणजे राणीघरांची सुरुवात, दिसल्या. रिकाम्या होत्या. वाटीत अंडं पडल्यापासून घर बंद व्हायला आठेक दिवस लागतात, म्हणून ती पेटी आता दर सात दिवसांनी उघडायची असं ठरलंय, पाऊस असला तरी, पाच मिनिटांसाठी का होईना. वाटीत अंडं किंवा जेली दिसली तर जुन्या राणीला काढून न्यूक्लियस, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून, त्या पेटीत मिसळून टाकायचं. कागद कुरतडायला माश्यांना एक-दोन दिवस लागतात आणि तोवर दोन्हीकडचे गंध एकमेकांत मिसळलेले असतात.